एकमेकींना न शिवणाऱ्या तीन काठ्या

“बाजंची दोरी कुणी सोडली रं? कुणाच्या बापाची बाज समजला ही?”

आबा ओरडत होते, आणि ओरडत होते ते बाजेच्या आतून. पायगतीची ताणाची दोरी काढून घेतलेली बाज म्हणजे वरून झाकलेली विहीर. दुपारची भाकरी खाऊन ते नेहमीच्या विश्वासानं पाठ टेकायला गेले आणि बाजेनं त्यांना गिळलं. बाहेर उरले ते दोन गुडघे, मिशा आणि आवाज. त्या आवाजानं आमच्या कळंबातली कबुतरं जी उडाली ती थेट इंदापुरात कचेरीच्या कौलांवर जाऊन बसली, आणि आतले कारकून मोठे साहेब आले असं समजून उठून उभे राहिले. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण आबांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना पाहायची गरजही नाही.

“आन् माझी चाबकाची काठी कुठं हाय?” बाजेतून दुसरा प्रश्न वर आला.

मी गोठ्यामागं बसलो होतो. काठी आता काठी राहिली नव्हती. तिचे तीन सारखे तुकडे माझ्या मांडीवर होते, आणि बाजेची दोरी शेजारी बादलीत भिजत होती. बाज कुणाच्या बापाची, याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्याच बापाची. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

आई चुलीपुढून म्हणाली, “त्या दोरीनं त्याचं लगीन व्हायचं हाय. गप पडा जरा.”

“पडलोच हाय,” आबा म्हणाले.

दोरीनं लग्न कसं होतं, ते आता सांगतो.

साल नेमकं विचारू नका. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, एसटीची गाडी दिसली की पोरं अजून तिच्यामागं पळत आणि एखादी म्हातारी तिला दुरून हात जोडी, तो काळ. माझं वय लग्नाचं झालं होतं आणि माझी कीर्ती वयाच्या पुढं गेली होती. लोक मला थापाड्या म्हणत. मी मात्र आजवर खोटं बोललेलो नाही. खरी गोष्ट जन्माला येते ती आखूड असते, हिवाळ्यात पांघरली तर पाय उघडे पडतील एवढी. मी तिला पायांपर्यंत पुरेल एवढी करून देतो, इतकंच. बारामतीच्या बाजारात मी एकदा सांगितलं, की आमच्या वांग्याच्या सावलीत दुपारी बैल बसतो. लोकांनी मान डोलावून ऐकलं आणि वर वांगी घेतली. लोकांना लांबरुंद गोष्ट आवडते. मुलगी द्यायची वेळ आली म्हणजे मात्र ती त्यांना आखूड हवी असते.

मुलगी निमगाव केतकीची. तिच्या वडिलांचा पानमळा होता.

उन्हाळ्यात त्या बाजूला ऊन असं पडतं, की माणूस चालताना सावली त्याच्या तळव्याखाली लपते आणि काही केल्या बाहेर येत नाही. पण पानमळ्यात शिरताना पायताण बाहेर काढावं लागतं, रीतच आहे ती, आणि माझा अनुभव असा की ऊनही तिथंच पायताणांशेजारी बसून राहतं. आत हिरवा अंधार. शेवरीच्या उभ्या काठ्या, त्यांना बिलगून वर गेलेले वेल, पायाखाली पाटाचं पाणी. वारासुद्धा आत येतो तो पाय धुऊन. मी चुलतभावाच्या लग्नाची पानं आणायला गेलो होतो. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत, वर कुठंतरी पाण्याचा पृष्ठभाग हलतो आहे, आणि इथं बुडायला काही हरकत नाही.

ती मळ्याच्या तोंडाशी पानं निवडत बसली होती. शेजारी पाण्याचं भगुणं. चार पानं चवडीवर ठेवायची, बोटं भगुण्यात बुडवायची, आणि न पाहता शिंतोडे मारायचे. त्या घरात माणसं बोलता बोलता, भांडता भांडतासुद्धा पाणी मारत. पानांवर, पानं झाकलेल्या गोणपाटावर, दारातल्या तुळशीवर. मान टाकलेली कुठलीही वस्तू दिसली की बोटं आपोआप ओली होत. त्यातला एक शिंतोडा चुकून माझ्या मनगटावर पडला. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तो थेंब अजून वाळायचा आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून मनगट दाखवत नाही.

मी घरी आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे, आईच्या देखत जेवलो नाही. आईनं ओळखलं, आबांना सांगितलं, आबांनी निरोप धाडला. तिच्या वडिलांना सगळं निमगाव तात्या म्हणे. तात्यांचं उत्तर आलं, ‘बाजारच्या दिवशी पोरगं दाखवा.’

निमगावच्या आठवडी बाजारात लिंबाखाली तात्या बसले होते. माणूस सडपातळ, ताठ, आपल्याच मळ्यातल्या एखाद्या शेवरीसारखा. त्यांनी आबांना पान दिलं, मला दिलं नाही.

“तुमचं पोरगं लई बोलतं म्हणं.”

“बोलतं,” आबा म्हणाले. “पर कामालाबी हाय.”

“वांग्याच्या सावलीत बैल बसतो म्हणं तुमच्यात.”

आबांनी पान चावून घेतलं. “खोंड हाय. ल्हान हाय आजून.”

आबांनी माझ्यासाठी एवढं केलं, हे मी विसरलेलो नाही. तात्या माझ्याकडं वळले.

“काय पाव्हणं, कळंबाभायेरचं काय बघितलंय का कदी?”

मला दहा गोष्टी सुचल्या. जिभेवर येऊन एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. पण हिरवा अंधार आठवला आणि मी ठरवलं, आज एक खरी गोष्ट सांगायची, जशी जन्मली तशी, उघडी, वर एक धागा न घालता. आयुष्यात माझं नुकसान झालं असेल तर ते अशा ठरावांनीच.

गोष्ट अशी. आमच्या जवळ साखर कारखान्याची वसाहत होती, तिथल्या बंगल्यांवर मी भाजी घालत असे. एका बंगल्यात परदेशात शिकून आलेला एक तरुण इंजिनेर राहायचा. एकदा संध्याकाळी पाटी उतरवताना खिडकीतून आत नजर गेली. टेबलावर तीन काठ्या उभ्या होत्या. तिन्ही तिरप्या, वेगवेगळ्या दिशांना कललेल्या, अरुंद बोळातून तीन माणसं खांद्याला खांदा न लावता निघून जावीत तशा. एकीचं डोकं दुसरीला टेकलेलं नव्हतं, पाय दुसरीच्या पायाला लागलेला नव्हता. मधून फक्त बारीक दोऱ्या. खिडकीतून तांबडं ऊन येत होतं, दोऱ्या त्यात विरघळल्या होत्या, आणि काठ्या नुसत्याच उजेडात थांबलेल्या दिसत होत्या. झोपेत पडताना मधेच कुणी धरावं, तशा. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा मला भान आलं. वांगी अजून माझ्या डोक्यावरच होती.

साहेब बाहेर आला. मी विचारलं, हे पडत कसं नाही? तो म्हणाला, “काठ्या बाहेर ढकलतात, दोऱ्या आत ओढतात. त्यांचं भांडण चालू आहे तोवर हे उभं. मिटलं की पडलं.” मग त्यानं वांगी मोजून घेतली.

एवढंच मी तात्यांना सांगितलं.

“डोकी बांधली असत्याल,” तात्या म्हणाले.

“न्हाय तात्या. डोकी एकमेकीला लागतच नव्हती.”

“मग मधी खांब आसंल.”

“मधी हवा हुती.”

“मग भितीला टेकवल्या.”

“टेबलाच्या मधोमध.”

तात्यांनी पिंक टाकली आणि लिंबाच्या बुंध्याकडं पाहत बोलले. “माझा जलम गेला काठ्या हुब्या करन्यात. काठी एक तर जिमिनीत रवावी लागती, न्हायतर दुसरीवर टेकावी लागती. तिसरी काठी देवानं केली न्हाय. वांग्याचं मी सोडून दिलं आसतं. वांगं तुमचं हाय. काठीचं सोडनार न्हाय. काठी माझी हाय.”

“तात्या, पोरगं ह्या खेपंला खरं बोलतंय,” आबा म्हणाले. आवाजात जोर मात्र नव्हता.

“मग करून दाखवू द्या. पुढल्या बाजारी घिऊन घराकडं या. हुब्या दिसल्या तर पुढचं बोलू. न्हाय दिसल्या, तर पान खाऊन जावा. वैर न्हाय.” आणि मग जरा हळू म्हणाले, “आबा, मी पोरगी मानसाला देतो. त्याच्या शबुदाला धरूनच ती जानार. शबुद हलला, तर ती कशाला धरंल?”

घरी पोचलो तसा मी वसाहतीची वाट धरली.

पुन्हा साहेबाकडं जाऊन विचारावं म्हटलं, तर बंगल्याला कुलूप. तो कुठल्याशा दुसऱ्या गावी बदलून गेला होता, टेबल आणि काठ्यांसकट. राहिली ती माझ्या डोळ्यांतली तांबडी संध्याकाळ.

पहिल्यांदा तुरीच्या काठ्या घेतल्या. दोरी ओढली की कडकन मोडायच्या. मग उसाची कांडी घेतली. ती बांधून मी पाणी प्यायला गेलो, परत येतो तो गाय रवंथ करत होती आणि तोंडाच्या कोपऱ्यातून सुतळी लोंबत होती. म्हणून आबांची चाबकाची काठी. चिव्याच्या भरीव बांबूची काठी, तेल पिऊन तुळतुळीत झालेली. तिचे तीन सारखे तुकडे केले, टोकांना खाचा पाडल्या. दोरी बाजेचीच का, असं तुम्ही विचाराल. आबांचं वजन वर्षानुवर्षं पेललेली अंबाडीची दोरी होती ती. तिला ताण म्हणजे काय हे नव्यानं शिकवावं लागणार नव्हतं. मी तिचा पीळ उलगडला, एकेक पदर मांडीवर पुन्हा बारीक वळला आणि भिजत घातला.

भिजत का घातला, इथं सगळी गोम आहे. आमच्याकडं जू बांधायची ती चामड्याच्या वादीनं. वादी भिजवायची, ओलीच बांधायची, वाळली की ती असा चावा घेते की लाकूड ओरडेल. हे मी रांगत होतो तेव्हापासून पाहत आलो होतो. बांधायचं ते ओलं बांधायचं, एवढंच शहाणपण डोक्यात. चामडं वेगळं आणि अंबाडीची दोरी वेगळी, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांत नव्हतो. गोठ्यामागं बसायचो. तिन्ही डोक्यांना एक दोरी फिरवून त्रिकोण करायचा, तिन्ही पायांना दुसरा. मग एका काठीच्या पायापासून शेजारणीच्या डोक्यापर्यंत तिरपी दोरी. हात सोडला की सगळं मुटकुळं होऊन पडायचं. पुन्हा बांधायचं. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायचं, बैल माझ्याकडं पाहत शेपट्या हलवायचे, भोंगा व्हायचा, आणि मला वाटायचं, मी काठ्या बांधत नसून हिरव्या अंधारातून कुणीतरी धाग्याचं दुसरं टोक धरून मला ओढतं आहे. दोन माणसं एकमेकांना शिवत नाहीत, एक कळंबात, एक निमगावात, एकीनं तर दुसऱ्याकडं पाहिलेलंही नाही. तरी दोघांच्या मधे काहीतरी ताठ आहे. त्यावर बोट मारलं तर वाजेल.

आणि एका दुपारी शेवटची गाठ ओढली तेव्हा ते उठलं.

उभं केलं नाही मी. उठलं. गाय उठते तसं, आधी मागचं, मग पुढचं, आणि अंग झटकून थांबलं. तीन काठ्या, तीन दिशांना कललेल्या, आणि त्यांच्या मधून पलीकडचा गोठा दिसत होता. मी दोरीला नख लावलं. ती वाजली. बारामतीपर्यंत ऐकू गेली असं मी पुढं सांगत असे. खरं म्हणजे ती अगदी हळू वाजली, कानात डास बोलावा एवढी, पण मी बराच वेळ तिथून हललो नाही.

आईनं ते रांजणापाशी, ओल्या वाळूवर ठेवलं. घरातली तेवढीच गार जागा. तिथं ते बाजारच्या दिवसापर्यंत ताठ उभं राहिलं. आबा येता-जाता त्याला वळसा घालून जात, जसं देवळात घालतात. बाजेचं मात्र विसरले नव्हते. त्यांची बाज अजून विहीरच होती.

बाजारच्या दिवशी आईनं ते ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. भाजी बाजारला नेताना आमच्याकडं तसंच नेतात. गाडी निघाली. चाबूक नसल्यामुळं आबा बैलांना तोंडानं हाकत होते, आणि बैलांना सांगायचं ते सगळं मला ऐकू येईल अशा बेतानं सांगत होते.

“चल रं राजा. मालकाच्या लग्नात तुजीबी शेपूट कापून न्ह्यायची हाय. चल.”

तात्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन मधोमध आलं होतं. तात्या मळ्यात होते, बोलावणं गेलं. मी ओट्यावर गोणपाट सोडला. काठ्या उभ्या होत्या. आबांनी खाली वाकून आरपार पाहिलं, मान हलवली. “हुबं हाय,” ते हळूच म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की त्यांनी बाजेचं माफ केलं.

मग आम्ही वाट पाहत बसलो.

निमगावचं ऊन. मी मघाशी सांगितलं ते थोडं कमीच सांगितलं. ओट्याचा दगड तव्यासारखा तापला होता. वारा गरम, कोरडा, दोऱ्यांमधून जात होता आणि जाताना प्रत्येक दोरीतून थोडंथोडं पाणी पिऊन जात होता. मला ते दिसत नव्हतं. मला फक्त इतकं दिसलं, की एक काठी झोप आल्यासारखी जराशी कलली. मग दुसरी. आवाज नाही, धक्का नाही. दुपारच्या झोपेत माणसाची मान हळूहळू छातीवर यावी तसं ते सगळं खाली आलं, आणि तिन्ही काठ्या कमरेशी एकमेकींना टेकून थांबल्या. दोऱ्या ढिल्या, पोटं सोडून लोंबत होत्या. भांडण मिटलं होतं.

मी वर उचललं. ते पुन्हा बसलं. गाठ सोडून आवळावी, तर गाठी बसून लोखंडासारख्या झालेल्या, आणि माझी बोटं दुसऱ्याच कुणाची.

तेवढ्यात तात्या आले. पाय धुतले, खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं, आणि ओट्याशी येऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांनी गंमत म्हणून पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या तोंडावर असं होतं, की त्यांनाही ते उभं दिसायला हवं होतं.

“शिवल्या की ह्या,” तात्या म्हणाले.

“मघाशी हुब्या हुत्या तात्या.”

“वांगंबी मघाशी मोठं आसंल.”

“म्या बघितलं,” आबा म्हणाले. “हुब्या हुत्या. आरपार दिसत हुतं.”

“आबा, तुमी बाप हाय.”

आबा मागं सरकून बसले. माझ्यापायी माणूस आधी बाजेत बुडाला, मग बैलांपुढं बुडाला, आणि आता सोयऱ्यापुढं. मी काठ्यांकडं पाहत राहिलो. आयुष्यात एकदाच खरं बोललो होतो आणि ते ओट्यावर मान टाकून पडलं होतं.

तात्यांनी पानाची चंची सोडली. “पान खाऊ आपन. वैर न्हाय. पर ही सोयरीक…”

आतून ती आली. पाहुणे उन्हातून आलेले, आणि तिची आई मळ्यात, म्हणून तीच तांब्या-पेला घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. पेला आबांपुढं ठेवला. तांब्या ठेवायला ओट्याकडं वळली तेव्हा त्या मुटकुळ्याकडं तिची नजर गेली. क्षणभर थांबली. मग तिची बोटं तांब्यात बुडाली आणि तिनं त्याच्यावर पाणी मारलं. चवडीतल्या पानांवर मारतात तसं, मनगटाच्या एका झटक्यानं. पुन्हा बुडवली, पुन्हा मारलं. दोऱ्या चांगल्या ओल्या होईपर्यंत मारत राहिली. मग तांब्या ठेवून आत गेली.

तात्यांचं लक्ष चंचीत होतं. “…ही सोयरीक काय जमत न्हाय,” ते म्हणत होते. “तुमी मनाला लावून घिऊ नगा. पोरगं कष्टाळू हाय, मला दिसतंय की. पर मानूस…”

मी ऐकत नव्हतो. तापलेल्या दगडावरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत दोऱ्या काळ्या पडत चालल्या होत्या. काळ्या आणि जाड, आणि जाड होता होता आखूड. आधी एका दोरीचं लोंबणारं पोट आत गेलं. मग दुसरीचं. मग एक काठी, जी दोघींच्या गळ्यात पडली होती, ती जरा मागं सरली, लाजल्यासारखी. तिच्या आणि शेजारणीच्या मधे उन्हाची एक रेघ उमटली. नखाएवढी. रेघ बोटाएवढी झाली. आबांनी पेला तोंडाशी नेला होता तो तिथंच राहिला. दुसरी रेघ. ते उठत होतं, कुणी न उचलता. जाग येताना माणूस कुठं आहोत हे आठवत डोळे उघडतो, तितक्या सावकाश. सगळं अंगण, त्यातली चिंच, बैल, निमगाव केतकीचा भरलेला बाजार, पार इंदापूरच्या रस्त्यावरच्या मालमोटारी, सगळं तेवढ्या वेळापुरतं थांबलं होतं, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो. यात मी काही लांब केलेलं नाही.

“…मानूस बोलतो त्यापरीस,” तात्या म्हणाले, आणि मान वर केली. वाक्य तिथंच राहिलं. पुढं ते कधीच पुरं झालं नाही.

त्यांच्या हातात एक पान होतं, देठ खुडलेलं, विड्यासाठी काढलेलं. ते ओट्याशी वाकले. पान उभं धरून पहिल्या दोन काठ्यांच्या मधून घातलं आणि पलीकडून काढलं. कुठं अडकलं नाही. मग दुसऱ्या दोघींच्या मधून. मग तिसरीच्या. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं, कुठं खरचटलंय का म्हणून. मग काठ्यांखाली हात घालून पाहिलं, वरून हात फिरवला, आणि तसेच बसून राहिले. जन्मभर काठ्या उभ्या केलेला माणूस, आणि त्याच्या पुढ्यात तिसऱ्या जातीची काठी.

“आबा,” शेवटी ते म्हणाले, “खोंड केवढा हाय म्हनला तुमी?”

“ल्हान हाय,” आबा म्हणाले. “पर वांगंबी मोठं हाय तात्या.”

तात्या हसले नाहीत. त्यांनी त्याच पानाला चुना लावला, कात घातला, सुपारी घातली, घडी करून लवंग टोचली आणि विडा आबांपुढं धरला. मग दुसरं पान घेतलं, आणि ते माझ्यासाठी होतं. आमच्याकडं सोयरीक अशीच ठरते. घ्या म्हणायचं आणि समोरच्यानं घ्यायचं. बाकीचं सगळं नंतरचं.

परतीच्या वाटेवर आबा बैलांशी काही बोलले नाहीत. कालव्याच्या पुलावर आल्यावर फक्त म्हणाले, “बाजंला नवी दोरी घ्यायची. ही आता न्हाय मिळायची.” काठ्या तात्यांनी ठेवून घेतल्या होत्या. पुढं त्या त्यांच्या ओट्याच्या कोनाड्यात राहिल्या. दुपारी मान टाकायच्या, कुणीतरी येता-जाता पाणी मारायचं, पुन्हा उठायच्या. पाहुण्यांना तात्या त्यांची गोष्ट सांगत, आणि मी कान देऊन ऐकलं आहे, दरवर्षी ती वीतभर लांब होत असे.

लग्न झालं. एका संध्याकाळी, नवीनच असताना, आम्ही दारात नव्या दोरीच्या बाजेवर बसलो होतो. वसाहतीच्या बाजूला तेच तांबडं ऊन. कारखान्याचा भोंगा होऊन गेला होता. मी तात्यांच्या ओट्यावरच्या त्या दुपारचं स्वप्न किती वेळा पाहिलं होतं याची गणती नाही. त्या स्वप्नात ती कधी मंत्र पुटपुटत असे, कधी तिला दोरीचं अंतरंग ठाऊक असे, कधी तिनं पानमळ्यातच मला ओळखलेलं असे आणि तो पहिला शिंतोडा मुळी चुकून पडलेलाच नसे. मी तिला हे सगळं सांगितलं, जमेल तेवढं लांब करून. ती ऐकत होती, पदरातले गहू निवडत. मग मी विचारलं, “तुजं वडील सोयरीक मोडत हुते. समदं संपलं हुतं. त्या येळंला तुला नेमकं काय वाटलं, की तू त्येच्यावर पानी मारलंस?”

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

“सुकलं हुतं,” ती म्हणाली.